पडद्यावरची वकीलबाई आणि सातऱ्यावरचे तीन प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चरित्रपट संपतो, दिवे लागतात आणि लोक खुर्चीतून लगेच उठत नाहीत. एरवीच्या सिनेमाला असं होत नाही. तिथं शेवटचं गाणं सुरू होण्याआधीच अर्धं थिएटर दाराशी पोचलेलं असतं. पण जिची गोष्ट आपण पाहिली ती बाई खरोखर या जगात होऊन गेली, हे ठाऊक असलं की पाय जड होतात. कुणी डोळे पुसतं, कुणी टाळ्या वाजवतं, कुणी शेजारच्याला हळूच विचारतं, ‘हे सगळं खरं का हो?’ या विचारणाऱ्या माणसाबद्दल मला फार आस्था आहे. आजचं माझं बोलणं त्याच्याविषयी आहे.

वकिलीच्या इतिहासातल्या एका बाईवर निघालेल्या सिनेमापासून सुरुवात करू. २०१८ च्या नाताळात अमेरिकेत ‘ऑन द बेसिस ऑफ सेक्स’ हा चित्रपट लागला. रूथ बेडर गिन्सबर्ग या वकीलबाईंच्या तरुणपणाची ही कथा. दिग्दर्शन मिमी लेडर यांचं आणि रूथच्या भूमिकेत फेलिसिटी जोन्स. १९५६ साली रूथ हार्वर्डच्या कायदा शाखेत दाखल झाल्या, तेव्हा पाचशेच्या आसपास विद्यार्थ्यांच्या त्या तुकडीत मुली होत्या नऊ. तिथल्या डीननं या मुलींना जेवायला बोलावलं आणि एकेकीला विचारलं, की एखाद्या पुरुषाला मिळाली असती ती जागा तुम्ही का घेतलीत? घरी लहान मुलगी, नवऱ्याला कर्करोग, अशा अवस्थेत त्यांनी अभ्यास केला. १९५९ साली कोलंबिया विद्यापीठातून अव्वल येऊन बाहेर पडल्या, तरी न्यूयॉर्कमधल्या एकाही मोठ्या वकिली फर्मनं त्यांना कामावर घेतलं नाही. पुढे १९९३ मध्ये याच बाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि २०२० साली वारल्या तेव्हाही त्या पदावरच होत्या.

सिनेमाच्या केंद्रस्थानी मात्र एक छोटा खटला आहे. चार्ल्स मॉरिट्झ नावाचा एक अविवाहित गृहस्थ म्हाताऱ्या आईचा सांभाळ करत होता. आईच्या देखभालीसाठी केलेल्या खर्चावर त्याला करात सूट मिळेना. लग्न न झालेल्या बाईला ती सूट होती, लग्न न झालेल्या पुरुषाला नव्हती. घरातलं दुखणं-खुपणं बाईनंच पाहायचं, असं कायद्यानं गृहीत धरलं होतं. रूथबाईंनी आणि त्यांच्या वकील नवऱ्यानं हा खटला चालवला आणि १९७२ साली अपिलात तो जिंकला. बाई म्हणून होणारा भेदभाव मोडायला त्यांनी पुरुषाची कैफियत हाताशी घेतली, ही त्यातली गंमत.

प्रेक्षकांनी या सिनेमाला टाळ्या दिल्या, तशा कोपरखळ्याही मारल्या. सिनेमाची झलक प्रसिद्ध झाली तेव्हाच लोकांनी एक वाक्य पकडलं. न्यायाधीश म्हणतात, आपल्या राज्यघटनेत ‘स्त्री’ हा शब्द एकदाही येत नाही. त्यावर नायिका ताडकन उत्तर देते, की ‘स्वातंत्र्य’ हा शब्दही येत नाही. उत्तर झणझणीत आहे, पण अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत तो शब्द आहे आणि तिथल्या शाळकरी मुलांनाही तो पाठ असतो. लोकांनी लगेच विचारलं, की इतकी हुशार वकीलबाई अशी चूक कशी करील?

दुसरी हरकत खुद्द रूथबाईंची होती. सिनेमा त्यांच्या भाच्यानंच लिहिलेला, त्यांना आवडलेलाही. पण कोर्टात पहिल्यांदा बोलायला उभं राहताना नायिका अडखळते, तिला शब्द सापडत नाहीत, असा जो प्रसंग आहे तो खरा नाही, आपण अडखळलो नव्हतो, हे त्यांनी सांगून टाकलं. लेखकानं तिला का अडखळवलं असेल? उत्तर सोपं आहे. अडखळलेली बाई सावरली, की प्रेक्षक टाळी देतो. तयारी करून आलेली बाई पहिल्या वाक्यापासून नीट बोलली, तर टाळीला जागा सापडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. या अमेरिकी सिनेमानंतर दीडेक महिन्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ महाराष्ट्रात लागला. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट मराठी वाचकाला श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीमुळे आधीच घरची झाली होती. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहाबारा दिवसांत बाळाचा मृत्यू, १८८३ साली बोटीनं अमेरिका, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं अखेर. वय वर्षं एकवीस. हा सिनेमा पाहून बायका हुंदके देत बाहेर पडल्या, तसे पुरुषही. बाहेर आल्यावर चर्चा रंगल्या त्या गोपाळरावांवर. हा माणूस सुधारक की हेकेखोर? सिनेमानं त्याला सौम्य केलं का?

आमच्या भिवापुरातही बचत गटाच्या बायांसाठी हा सिनेमा एकदा शाळेच्या हॉलमध्ये, भिंतीला पांढरी चादर लावून दाखवला गेला. भिवापूर म्हटलं की लाल मिरची. वाळलेल्या मिरचीचे ढीग घालून बाया दिवसभर देठ खुडत बसतात, त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. मजुरी किलोवर, आणि हातांची आग संध्याकाळी घरी घेऊन जायची. त्या दिवशी हॉलमध्ये निम्म्याहून जास्त बाया सातऱ्यावरच्या होत्या. सिनेमा संपल्यावर थोडं रडणं झालं, पदर डोळ्याला लागले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तीन प्रश्न माझ्या कायमचे लक्षात राहिले. पहिला: ‘हे खरंच झालं का जी?’ दुसरा: ‘तिच्या शिकन्याले पैसे कोनं देल्ले?’ आणि तिसरा: ‘मंग बाकीच्या बायांचं का झालं?’

मी बी. ए. झालेला माणूस, कविता लिहितो, इतिहासाचा पंडित नाही. पण इतिहास विचारायचा कसा, हे या तीन प्रश्नांत मला सापडलं. हेच प्रश्न घेऊन मला आपल्या पहिल्या वकीलबाईंकडे जायचं आहे. त्यांची गोष्ट पडद्यावर आली, तर आपण प्रेक्षक काय करू, कुठे टाळी देऊ आणि कुठे गप्प बसू?

त्यांचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६. आनंदीबाईंपेक्षा दीड वर्षानं लहान. वडील पारशी घराण्यातले, ख्रिस्ती झालेले. आईनं, फ्रान्सिनाबाईंनी, पुण्यात शाळा काढल्या. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. म्हणजे आनंदीबाई अमेरिकेत मुडदे फाडून शरीरशास्त्र शिकत होत्या, त्याच सुमाराला ही मुलगी पुण्यात मुलांच्या वर्गात एकटी बसत होती.

त्या काळात वकीलबाईची गरज किती होती, हे कळायला आणखी एक सिनेमा आठवावा लागेल. २०१६ साली अनंत महादेवन यांनी ‘डॉक्टर रखमाबाई’ हा चित्रपट केला, तनिष्ठा चटर्जी नायिका. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी १८८४ साली मुंबई हायकोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं कौल दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. तो खटला डोळ्यांसमोर आणा. न्यायाधीश पुरुष, दोन्हीकडचे वकील पुरुष, वार्ताहर पुरुष, तावातावानं अग्रलेख लिहिणारे संपादक पुरुष. प्रकरण एका बाईच्या शरीराचं आणि आयुष्याचं, आणि कायद्याच्या भाषेत बोलू शकणारी बाई अख्ख्या कोर्टात नाही. पुढे १८८९ साली रखमाबाई डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेल्या. त्याच १८८९ साली कॉर्नेलियाबाईही विलायतेला गेल्या.

आता पहिला प्रश्न. हे खरंच झालं का?

रखमाबाईंच्याच बाबतीत एक कथा सांगितली जाते, की राणी व्हिक्टोरियानं फर्मान काढून त्यांचं लग्न मोडलं. पडद्यासाठी प्रसंग नामी आहे. प्रत्यक्षात १८८८ साली तडजोड झाली, दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्यानं कोर्टाचा हुकूम अमलात आणण्याचा नाद सोडला. राणीच्या फर्मानापेक्षा दोन हजारांच्या तडजोडीतून तो काळ जास्त कळतो. कायदा बदलला नव्हता, एका बाईची सुटका तेवढी झाली होती, आणि ती पैसे मोजून.

कॉर्नेलियाबाईंच्या बाबतीत ‘पहिली’ या शब्दाचीच तपासणी करावी लागते. सिनेमात ‘पहिली’ होण्याचा एक क्षण असतो. संगीत चढतं, काळा डगला अंगावर येतो. त्यांच्या आयुष्यात मात्र हा क्षण तीस वर्षं लांबला. १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या पदवीची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. भारतात परतून १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्‌‍एल. बी. केली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. १९२१ साली अलाहाबादनं नाव नोंदवून घेतलं. ऑक्सफर्डची पदवी हातात पडली १९२२ मध्ये. परीक्षा दिली तेव्हा वय पंचवीस, पदवी घेतली तेव्हा पंचावन्न. एवढी वाट पाहणं कुठल्या सिनेमाला दाखवता येईल?

आणि मधल्या काळात, सनद नसताना, त्या खटले चालवतच होत्या. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी एका संस्थानिकाच्या दरबारातला खटला सांगितला आहे. एका हत्तीच्या चाऱ्यासाठी पूर्वीच्या राजानं दिलेली झाडी नव्या राजानं काढून घेतली, म्हणून दाद मागायची होती. राजा झोपाळ्यावर बसलेला. त्याचा कुत्रा बाईंशी सलगीनं वागला. राजा म्हणाला, माझ्या कुत्र्याला तुम्ही आवडलात, खटला तुम्ही जिंकलात. झालं, निकाल लागला! ऑक्सफर्डच्या पुस्तकांचा काही उपयोग झाला नाही. हा प्रसंग पडद्यावर आला तर प्रेक्षक म्हणतील, लेखकानं घुसडला. पण तो खुद्द बाईंनीच सांगितलेला आहे. खरं आणि रचलेलं यांची अशी अदलाबदल होते. म्हणून शेजारच्याला हळूच विचारणारा प्रेक्षक मला मोलाचा वाटतो.

दुसरा प्रश्न पैशांचा. सातऱ्यावरच्या बाईनं तो सगळ्यात आधी ओळखला, कारण कष्टाच्या पैशाचा हिशेब तिला पक्का ठाऊक असतो.

कॉर्नेलियाबाई परीक्षेत अव्वल आल्या होत्या. त्या गुणवत्तेवर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. ती त्यांना मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या. मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवण्याची नोकरी केली. त्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणारी ही विशीतली मुलगी. इंग्लंडमधल्या लेडी मेरी हॉबहाउस यांनी त्यांच्यासाठी निधी उभा केला. त्यात देणगी देणाऱ्यांत परिचारिका म्हणून जगाला माहीत असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. त्या पैशांवर कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये राहिल्या. आनंदीबाईंच्या मागेही न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाई उभ्या होत्या. ओळख ना देख, एक पत्र वाचून त्या अनोळखी हिंदू मुलीला मावशीसारख्या झाल्या.

इथं मला एक गोष्ट बोचते. सरकारनं हक्काची शिष्यवृत्ती नाकारली आणि बायांनी वर्गणी काढली. हक्काची जागा दानानं भरून निघाली. चरित्रपट बहुतेक वेळा नायिकेची जिद्द दाखवतो, फीची पावती दाखवत नाही. मग प्रेक्षागृहातून बाहेर पडणारी मुलगी समजते, की जिद्द असली म्हणजे झालं. तिची आई मात्र मनात आकडे जुळवत असते.

आता तिसरा प्रश्न, सगळ्यात अवघड. मग बाकीच्या बायांचं काय झालं?

यातल्या पहिल्या बाकीच्या बाया म्हणजे कॉर्नेलियाबाईंच्या अशिलं. त्या पडदानशीन होत्या, हिंदू आणि मुसलमान दोन्हीही. पडदा हा शब्द आमच्या घरांतून वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पण जमीनजुमला असलेल्या घरांतल्या पडद्याची एक वेगळीच अडचण होती. नवरा वारला, की मोठी मिळकत बाईच्या नावावर येई. तिला परपुरुषासमोर जाता येत नाही, म्हणून वकील तिला भेटू शकत नाही. कागद येतो कारभाऱ्याच्या हातून, पडद्याआडून वाचून दाखवला जातो आणि आतून अंगठा उमटून येतो. कागदात काय लिहिलंय हे कारभाऱ्याला आणि देवालाच ठाऊक. कायद्याला हे कळत नव्हतं असं नाही. अशा बाईनं कोर्टात जातीनं हजर राहू नये, अशी सवलत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आहे. पडदानशीन बाईनं करून दिलेला दस्त तिला समजला होता, हे लाभ घेणाऱ्यानं सिद्ध करावं, असंही न्यायालयं म्हणत आली. पण ही सगळी ढाल बाहेरून. आत जाऊन तिच्याशी बोलणारा वकील कुठून आणायचा?

आत फक्त बाई जाऊ शकत होती. कॉर्नेलियाबाईंनी हेच सरकारपुढे मांडलं, आणि १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स या खात्यात त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस आणि विधवा यांच्या मिळकती सांभाळणारं हे खातं. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या मुलखात त्या वीसएक वर्षं हिंडल्या, पालखीतून, नावेतून, मिळेल त्या वाहनानं. सहाशेच्या आसपास बाया आणि पोरक्या मुलांची कामं त्यांनी पाहिली, असा अंदाज दिला जातो. या कामात कोर्टातलं गाजलेलं भाषण नाही. अर्ज आहेत, जमाखर्च आहेत, मुलाच्या शिक्षणाची सोय आहे, वारसाच्या जिवाला धोका आहे म्हणून केलेली धावपळ आहे. मराठीत सिनेमाच्या पडद्यालाही पडदाच म्हणतात आणि बुरख्याआडच्या बाईच्या पडद्यालाही. या पडद्यावरून त्या पडद्याआडचं दिसायला फार वेळ लागतो.

दुसऱ्या बाकीच्या बाया म्हणजे हरलेल्या. रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिलीची सनद मागितली. १९१६ साली कलकत्ता हायकोर्टात पाच न्यायाधीश बसले आणि बाईला वकील होता येत नाही असं ठरलं. पुढे पाटण्याच्या हायकोर्टानं सुधांशुबाला हाजरा यांचाही अर्ज १९२१ साली फेटाळला. याच वर्षी अलाहाबादनं कॉर्नेलियाबाईंचं नाव नोंदवलं, म्हणजे एकाच देशात एका कोर्टाचं दार उघडं आणि शेजारच्याचं बंद. हा गोंधळ कायमचा मिटवायला कायदाच लागणार होता. मध्यवर्ती विधिमंडळात हा विषय लावून धरणाऱ्यांत आमच्या नागपूरचे वकील हरिसिंग गौर होते, जे पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९२३ मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट झाला. केवळ स्त्री असल्यामुळे कुणालाही वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही, एवढंच त्याचं सार. रेजिनाबाई तोवर हयात नव्हत्या. त्यांच्यावर सिनेमा कोण काढील? हरलेल्या खटल्यावर पडदा पाडता येत नाही. पण त्यांनी अर्ज केला नसता, तर नकार कागदावर आला नसता, आणि कागदावरचा नकार पुसायला कायदा करावा लागला नसता.

मुंबईत मिठन टाटा आल्या. १९१९ साली आई हिराबाईंबरोबर त्या लंडनला गेल्या होत्या, हिंदुस्थानातल्या बायकांना मताचा हक्क मागायला. तिथंच राहून कायदा शिकल्या, १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या. १९४७ साली मुंबईच्या पहिल्या स्त्री शेरीफ झाल्या. लग्नानंतरचं त्यांचं नाव मिठन लाम. वकिलीचं दार १९२३ ला उघडलं, पण मुंबई हायकोर्टात पहिली स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, बसल्या १९७८ साली. मध्ये पंचावन्न वर्षं. सर्वोच्च न्यायालय १९५० ला सुरू झालं आणि तिथं पहिली स्त्री न्यायाधीश आल्या १९८९ मध्ये, केरळच्या फातिमा बीवी. ही बातमी आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात एका आजीनं पेपर हातात घेऊन ते नाव दोनदा वाचायला लावलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. नाव मात्र ओळखीचं होतं.

आता जिथं प्रेक्षकाची टाळी थांबेल, ती जागा. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकी बाईनं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहून हिंदुस्थानची नालस्ती केली, देशभर संताप उसळला, तेव्हा कॉर्नेलियाबाईंनी मेयोची बाजू घेतली. त्यानंतर अनेकांनी त्यांच्याशी संबंध तोडले, हाती घेतलेली समाजकामं अडली. काही वर्षांत त्या इंग्लंडला गेल्या आणि १९५४ साली तिथंच वारल्या. आपल्या स्मरणातूनही त्या निसटल्या त्या बऱ्याच अंशी यामुळे.

हे सगळं पडद्यावर आलं तर आपण काय करू? दोन सोपे रस्ते आहेत. एक, हा भाग गाळायचा आणि देवी करून टाकायची. दुसरा, हा भाग धरून बाईलाच गाळायचं. आपल्याकडे दोन्ही सर्रास चालतं. मला दोन्ही पटत नाहीत. स्वराज्याच्या प्रश्नावर त्या चुकल्या असं माझं स्पष्ट मत आहे. बायकांची दैना पाहून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तोच पाहून त्याच काळात मिठन टाटांनी उलटा काढला आणि इंग्रजांकडे मताचा हक्क मागितला. पण पडद्याआड जाऊन एका विधवेचा दस्त वाचून दाखवणारी कॉर्नेलिया आणि मेयोची पाठराखण करणारी कॉर्नेलिया एकच आहे. त्या विधवेला पहिलीची गरज होती. दुसरीशी आपण भांडू, खुशाल भांडू. माणूस आवडला नाही म्हणून त्याचं काम खोटं ठरत नाही आणि काम मोठं म्हणून त्याचं प्रत्येक मत खरं ठरत नाही, एवढी सवय प्रेक्षकानं करून घेतली तर चरित्रपट काढणाऱ्यांचाही धीर वाढेल.

आणखी एक गोष्ट जाता जाता. थिएटरच्या अंधारात आपण सगळेच नायिकेच्या बाजूचे असतो. आनंदीला हिणवणाऱ्या गर्दीचा, रखमाबाईला तुरुंगात पाठवा म्हणणाऱ्यांचा आपल्याला राग येतो. ती गर्दी परदेशातून आली नव्हती. ते आपलेच पणजोबा-खापरपणजोबा होते, देवभोळे, कुटुंबवत्सल, पेपर वाचणारे. आपल्या गल्लीतली एखादी पोर आज वाट सोडून चालू लागली तर आपण कुठल्या बाकावर बसू, हे तिकीट काढताना कळत नाही.

सातऱ्यावरच्या त्या बाईच्या तिसऱ्या प्रश्नाला आणखी थोडं उत्तर बाकी आहे. बाकीच्या बायांचं पुढे असं झालं, की आज उमरेडच्या कोर्टात काळा कोट घातलेल्या बाया दिसतात आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला वकील फुकट मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, लिहिता येत नसेल तर तिथं बसलेला माणूस लिहून देतो. त्या दिवशी हॉलमध्ये मी हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, ‘हे सिनेम्यात काऊन नाही सांगितलं जी?’ दोघीतिघींनी अर्ज कुठं करायचा ते विचारून घेतलं, आणि एकीनं मुलीच्या वकिलीच्या फीचा आकडा.